बेळगाव, खानापूर, घटप्रभा: जवळच्या गाड्या आणि त्यांच्या वेळा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खानापूर, देसूर, सुळेभावी, पाच्छापूर, घटप्रभा, रायबाग, कुडची इथून बेळगावला नाहीतर मिरजेला रोज ये-जा करणारे पासवाले, कॉलेजची पोरं, उद्यमबाग आणि मच्छेतले कामगार, दवाखान्याला निघालेली मंडळी यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथं एकत्र केले आहेत. गाड्यांच्या नेमक्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या बदलतात, आणि जुन्या वेळापत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत राहिला की माणूस फलाटावर तिष्ठत बसतो. वेळेसाठी 139 ला फोन करावा किंवा रेल्वेच्या ॲपवर बघावं. वेळापत्रक बनतं कसं, अडतं कुठं आणि आपण मागायचं काय, एवढ्यापुरतंच हे पान आहे.

मुंबईत तीन-चार मिनिटाला लोकल सुटते. आमच्याकडं दोन तासाला एक तरी का नाही?

बेळगावात ज्याचं कुणी मुंबईत नाही असं घर शोधावं लागेल, त्यामुळं ही तुलना होणारच. मुंबईत मध्य रेल्वेवर दिवसाला 1800 च्या आसपास आणि पश्चिम रेल्वेवर 1400 च्या आसपास लोकल फेऱ्या होतात. पण त्या कशाच्या जोरावर होतात ते बघायला पाहिजे. सीएसएमटी ते कल्याण धिम्या गाड्यांचे रूळ वेगळे, जलद गाड्यांचे वेगळे. सिग्नल आपोआप बदलणारे आणि जवळजवळ लावलेले, त्यामुळं पुढची गाडी थोडी सरकली की मागची निघते. लोकलला दोन्ही टोकांना चालकाची केबिन, म्हणून शेवटच्या स्टेशनात इंजिन काढा-जोडायचा खेळ नाही. आणि गर्दीच्या वेळेला मालगाडीला शक्यतो वाटच देत नाहीत.

एवढं असूनही तिथं फेऱ्या वाढवायच्या म्हटलं की आधी रूळ वाढवावे लागतात. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्यांना त्या पट्ट्यात वेगळी वाट मिळाली, आणि लगेच 36 नव्या लोकल फेऱ्या देता आल्या. त्याआधी कितीही मोर्चे निघाले असते तरी त्या फेऱ्या बसवायला जागाच नव्हती.

आपल्या लोंढा-मिरज मार्गावर मात्र वंदे भारत, एक्स्प्रेस, मालगाडी आणि पॅसेंजर सगळ्यांना तेच रूळ. तेव्हा तीन मिनिटाला गाडी हे आपल्याला लागूही नाही आणि आपल्याला नकोही आहे. दोन-अडीच तासाला एक, ठरलेल्या वेळेला, तीही येणारी आणि जाणारी, ही मागणी मात्र या मार्गाच्या आवाक्यात आहे.

रूळ दुपदरी झाले, वीज आली. मग गाड्या वाढल्या का नाहीत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि राग येणंही साहजिक. लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुपदरीकरण 27 फेब्रुवारी 2023 ला राष्ट्रार्पण झालं, बेळगाव स्टेशनच्या नव्या इमारतीचं उद्घाटनही त्याच दिवशी. इमारत झकास झाली. पण सकाळी कामावर जाणाऱ्याला इमारतीत नाही, गाडीत बसायचं असतं.

आधी दुपदरीकरणानं नेमकं काय झालं ते समजून घेऊ. एकेरी मार्गावर किती गाड्या बसतात याचा एक जुना हिशेब रेल्वेत वापरतात, त्याला स्कॉटचं सूत्र म्हणतात. दिवसाची 1440 मिनिटं घ्यायची. दोन स्टेशनांमधल्या सगळ्यात लांब टप्प्याला सगळ्यात सावकाश गाडीला लागणारा वेळ, अधिक लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची परवानगी, घेण्या-देण्यात जाणारा वेळ, या बेरजेनं 1440 ला भागायचं. येईल त्याचे 70 टक्के धरायचे, कारण दिवसभर सगळं घड्याळासारखं कधीच चालत नाही. समजा टप्प्याला 14 मिनिटं आणि लाइन क्लिअरला 6 मिनिटं लागतात. 1440 भागिले 20 म्हणजे 72, त्याचे 70 टक्के म्हणजे 50. या पन्नासात जाणाऱ्याही आल्या आणि येणाऱ्याही. एका दिशेला फक्त पंचवीस. त्यातच एक्स्प्रेस, त्यातच मालगाड्या, आणि जे उरलं ते पॅसेंजरला.

दुपदरी झाल्यावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबायचं कारण उरत नाही. दोन्ही दिशांची वाट वेगळी झाली, म्हणजे जागा दुपटीहून जास्त झाली. लांब टप्प्याच्या मधोमध आणखी एक सिग्नल टाकून टप्पा तोडला की ती आणखी वाढते.

मग ती जागा गेली कुठं? काही मालगाड्यांना. काही नव्या गाड्यांना: हुबळी-पुणे वंदे भारत 2024 च्या सप्टेंबरात सुरू झाली, बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत 10 ऑगस्ट 2025 ला. आणि बरीचशी अजून शिल्लक आहे असं माझं मत. रूळ मोकळा झाला म्हणून त्यावर पॅसेंजर आपोआप उगवत नाही. तिला रेक, म्हणजे डब्यांचा पूर्ण संच, लागतो, चालक आणि गार्ड लागतात, रात्री उभं राहायला आणि देखभालीला जागा लागते, आणि ती मागणारं कुणीतरी लागतं. आपण मागत आलो ते मुंबईची गाडी, बेंगळुरूची गाडी, अमक्या एक्स्प्रेसला थांबा. त्या मिळाल्याही. सुरेश अंगडी 2019 मध्ये रेल्वे राज्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी बेळगाव-बेंगळुरू रात्रीची सुपरफास्ट सुरू झाली. लोक अजून तिला अंगडी एक्स्प्रेसच म्हणतात. जवळच्या प्रवासाची गाडी एवढ्या जोरानं कुणी मागितल्याचं आठवत नाही.

एक्स्प्रेस आली की आमची पॅसेंजरच का बाजूला घेतात?

कारण कुठली गाडी आधी सोडायची हे ठरवणाऱ्या कंट्रोलरच्या क्रमात ती खाली असते. अपघात मदत गाडी सगळ्यांच्या वर, मग मानाच्या जलद गाड्या, मग मेल-एक्स्प्रेस, मग पॅसेंजर, तिच्या खाली मालगाडी. मुंबईसारख्या उपनगरी मार्गावर गर्दीच्या वेळी लोकलला वरचं स्थान देतात. आपल्याकडं ती सोय नाही, कारण आपला मार्ग उपनगरी धरलेलाच नाही.

पण दोष सगळा कंट्रोलरचा नसतो. वेळापत्रक आखतानाच पॅसेंजर एखाद्या जलद गाडीच्या पंधरा मिनिटं पुढं बसवली असेल तर ती वाटेत गाठली जाणारच. मग पाच्छापूरला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी. पंखे फिरतायत, खिडकीतून शेंगावाला दोनदा येऊन जातो, पोरं खाली उतरून रुळाच्या कडेला उभी राहतात, आणि पलीकडच्या रुळावरनं जलद गाडी धूळ उडवत निघून जाते. त्यानंतरही सिग्नल मिळायला आणखी पाच-सात मिनिटं. हे रोज त्याच गाडीला, त्याच स्टेशनात होत असेल तर तो उशीर नव्हे, तो आखणीतला दोष. तीच पॅसेंजर जलद गाडीच्या मागून दहा मिनिटांनी सोडली तर कुठंही न थांबता त्याच वेळेला, कधी आधीही पोचते. एक रुपया खर्च न करता होणारी सुधारणा म्हणतात ती ही. अशी जागा दिसली तर तारीख, गाडी, स्टेशन, किती मिनिटं थांबली हे पंधरा-वीस दिवस लिहून ठेवा. असा कागद नुसत्या तक्रारीपेक्षा फार पुढं जातो.

शेवटच्या दोन स्टेशनांमध्ये वेळापत्रकात इतका जास्त वेळ का दाखवतात?

भरपाईसाठी. वाटेत झालेला उशीर शेवटी भरून निघावा म्हणून मोठ्या स्टेशनाच्या आधी मोकळी मिनिटं ठेवतात. गाडी वेळेवर आली की नाही हे मुख्यतः शेवटच्या स्टेशनावर मोजलं जात आलं, त्यामुळं ही सवय पक्की झाली. ज्याला मधेच उतरायचं त्याला या मोकळ्या मिनिटांचा काडीचा उपयोग नाही.

वेळापत्रक नेमकं ठरवतं कोण? स्टेशन मास्तरांना सांगून उपयोग होतो काय?

मास्तरांच्या हातात काही नसतं, त्यांच्यावर ओरडू नका. आपला मार्ग नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात येतो. नैऋत्य रेल्वे 1 एप्रिल 2003 पासूनची, तिचं मुख्यालयही हुबळीलाच. त्याआधी आपण दक्षिण मध्य रेल्वेत होतो आणि प्रत्येक गोष्टीला सिकंदराबादकडं तोंड करावं लागायचं. तेव्हा ऑफिस आता जवळ आलंय हे खरं.

गाडीच्या वेळेत थोडा बदल, जवळच्या गाडीची वेळ पुढं-मागं, हे प्रस्ताव विभागातून निघतात आणि मुख्यालयात ठरतात. नवी गाडी, गाडीचा विस्तार, थांबा यांना रेल्वे बोर्डाची मंजुरी लागते. एका झोनमधून (नैऋत्य रेल्वे, मध्य रेल्वे हे असे झोन) दुसऱ्यात जाणाऱ्या गाडीसाठी सगळ्या झोनच्या अधिकाऱ्यांची वेळापत्रकाची बैठक होते. तिथं एका मोठ्या तक्त्यावर आडवा वेळ आणि उभी स्टेशनं धरून प्रत्येक गाडीची तिरकी रेघ ओढलेली असते. दोन रेघा जिथं छेदतात तिथं कुणीतरी थांबणार. नवी गाडी मागणं म्हणजे त्या तक्त्यावर कुठल्याच रेघेला न अडवणारी आणखी एक रेघ शोधणं.

कोरोनाच्या काळात गाड्या बंद होत्या तेव्हा आयआयटी मुंबईच्या मदतीनं देशाचं वेळापत्रक शून्यापासून आखायचं काम झालं. त्यात देखभालीसाठी रूळ सलग मोकळा ठेवणं आणि गाड्यांचा वेग वाढवणं ही उद्दिष्टं होती. त्या धोरणात कमी प्रवाशांचे बरेच थांबे गेले, आणि छोट्या स्टेशनांना त्याचा फटका बसला.

नुसतं "एक गाडी वाढवा" म्हटलं तर काय बिघडलं?

एक गाडी मिळते, आणि ती कुणाच्याच कामाची नसते.

खानापूरचा कामगार उद्यमबागेत पहिल्या पाळीला जातो. त्याला सकाळी लवकर न्यायला आणि दुपारी सुटी झाल्यावर आणायला गाडी पाहिजे. न्यायला गाडी आहे आणि आणायला संध्याकाळपर्यंत नाही, तर तो दोन्ही वेळेला मोटारसायकलच काढणार. कॉलेजची मुलगी सकाळच्या तासाला पोचली, पण परतीची गाडी साडेतीनला गेली आणि पुढची आठला. चौथ्या दिवशी तिचे वडील सांगणार, बसनंच ये बाई. रायबागचा म्हातारा मिरजेला डॉक्टरकडं निघाला तर त्याला सकाळी पोचून दुपारी परत यायचंय. जायची गाडी तेवढी असली तर त्याच्या लेखी ती नसल्यासारखीच.

म्हणून मागणी जोडीची असावी. जाणारी आणि येणारी, दोन्ही एकाच कागदावर, मिनिटासकट. आणि जमेल तिथं ठरलेल्या अंतरानं. माणसाला वेळापत्रक पाठ करावं लागू नये. खानापूरहून सव्वासहा, पावणेनऊ, सव्वाअकरा, पावणेदोन अशी अडीच तासांची माळ असली की दोन दिवसांत सगळ्या गावाला ती तोंडपाठ होते. एक चुकली तर पुढची कधी हे विचारावं लागत नाही. गाडीचा भरवसा तयार होतो तो इथून, वेगामुळं नाही. दिवसाला चार गाड्या असून त्यातल्या दोन पहाटे तासाभरात आणि दोन रात्री लागोपाठ असतील, तर कागदावर चार आणि प्रत्यक्षात दोनच.

मग अडीच तासाला एक गाडी चालवायला किती रेक लागतील?

हा हिशेब आपण घरी करू शकतो, आणि निवेदनात घातला तर वाचणारा अधिकारी जरा सरळ होऊन बसतो.

खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, बेळगाव ते घटप्रभा साठेक. मिळून 85 धरा. सगळ्या थांब्यांसह सरासरी ताशी 40 किलोमीटरचा वेग धरला तर एका बाजूला दोन तास आठ-दहा मिनिटं. प्रत्येक टोकाला वीस मिनिटं विश्रांती. म्हणजे जाऊन येऊन साधारण पाच तास. एका पूर्ण फेरीचा वेळ भागिले दोन गाड्यांमधलं अंतर, एवढे रेक लागतात. पाच भागिले अडीच, म्हणजे दोन. पहाटे साडेपाच ते रात्री दहा या वेळात प्रत्येक रेकच्या तीन पूर्ण फेऱ्या बसतात. दोन रेकमध्ये सहा जाणाऱ्या आणि सहा येणाऱ्या, वर एखादा देखभालीसाठी राखीव. तिसरा रेक चालवला तर अंतर पावणेदोन तासांच्या आत येतं.

याच हिशेबात दोन बारकावे आहेत. टोकाला वीसऐवजी पन्नास मिनिटं गाडी उभी राहिली तर फेरी सहा तासांची होते आणि दोन रेकमध्ये अंतर तीन तासांवर जातं. फलाटावर नुसत्या उभ्या असलेल्या गाडीकडं म्हणून वाईट नजरेनं बघा. आणि मार्ग लांबवत नेला, म्हणजे लोंढ्यापासून थेट मिरजेपर्यंत, तर वाटेतला प्रत्येक उशीर पुढच्या फेरीत जातो. "लांबची गाडी म्हणजे मोठी सोय" हे जवळच्या प्रवासाला लागू पडत नाही. आखूड फेरी, जास्त वेळा, हे बरं.

मेमू म्हणजे काय? साध्या पॅसेंजरला काय वाईट आहे?

मेमूला वेगळं इंजिन नसतं, मोटारी डब्यांच्याच खाली असतात. दोन्ही टोकांना केबिन. देसूर, इदलहोंड, सांबरे अशी जवळजवळची स्टेशनं असली की फरक कळतो. इंजिनाची गाडी सुटून वेग घेईपर्यंत पुढचं स्टेशन येतं. मेमू झटकन उचल घेते आणि झटकन थांबते. दर थांब्याला मिनिटभर जरी वाचलं तरी पंधरा थांब्यांत पाव तास झाला. शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवायचं नाही, म्हणून वीस मिनिटांची विश्रांती शक्य होते. मार्गावर वीज आलेली आहेच, तेव्हा अडचण तारेची नाही.

गाड्या वाढल्या तर टिळकवाडीची गेटं दिवसभर पडलेलीच राहणार की वो?

हा प्रश्न शहरातला, आणि तो थट्टेवारी न्यायचा नाही. कपिलेश्वरजवळ, गोगटे सर्कलजवळ आणि तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाले, तरी दुसऱ्या गेटवर शाळेच्या वेळेला काय होतं ते तिथं राहणाऱ्यांना विचारा. गेट पडलं की दुचाक्या उजव्या बाजूनं पुढं घुसतात, पलीकडूनही तसंच, आणि गेट उघडल्यावर दोन्ही फौजा समोरासमोर.

लोकांना माहीत नसतं ते हे: अशी गेटं सिग्नलला जोडलेली असतात. गेट नीट बंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. एखादी रिक्षा दांड्याखाली अडकली की गाडी बाहेर आउटर सिग्नलला उभी राहते, आणि तिच्या मागची आणखी मागं. मुंबईत दिव्याच्या फाटकानं लोकलचं वेळापत्रक वर्षानुवर्षं असंच बिघडवलं आहे. म्हणजे गेट ही फक्त मोटारवाल्यांची अडचण नाही, रेल्वेचीही आहे.

सहा जोड्या म्हणजे दिवसाला बारा वेळा जास्त गेट. एका वेळेला पाच मिनिटं धरली तर तासभर. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. उरलेल्या गेटांवर पूल किंवा भुयारी मार्ग आणि जादा गाड्या, या दोन मागण्या हातात हात घालून गेल्या पाहिजेत, नाहीतर खानापूरवाले आणि टिळकवाडीवाले एकमेकांविरुद्ध निवेदनं देत बसतील.

बस आहे की. शक्ती योजनेत बायकांना फुकट आहे. गाडी कशाला?

जून 2023 पासून कर्नाटकात राज्यातल्या महिलांना साध्या बसमध्ये प्रवास मोफत झाला, आणि खानापूर-बेळगाव बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळेना. योजना चांगली आहे. बायका कामाला, दवाखान्याला, माहेराला मोकळेपणानं जाऊ लागल्या. पण म्हणूनच गाडीची गरज वाढली, कमी नाही झाली. शिवाय मिरज, सांगली, कोल्हापूरकडं जाताना ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच कामाची. आणि राज्याच्या सीमेवर कोगनोळीला तणाव झाला की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात, हे आपण कितीदा बघितलं. तेव्हा रुळावरची गाडीच तेवढी चालू असते.

निपाणी, संकेश्वर, चंदगडवाल्यांना हे उत्तर अर्धंच लागू पडतं, कारण त्यांच्याकडं रूळच नाही. त्यांच्यासाठी बेळगाव किंवा घटप्रभा स्टेशनला गाडीच्या वेळेला जुळणारी बस हीच सुधारणा. स्टेशन ते मध्यवर्ती बसस्थानक रिक्षाला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात कधी कधी पुढचा सगळा प्रवास होतो.

कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड नवा मार्ग झाला तर खानापूरचं काय?

सध्या बेळगावहून धारवाडला रेल्वेनं जायचं तर लोंढ्याला वळसा, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. नवा मार्ग 73 किलोमीटरचा. तो झाला की हुबळी-बेंगळुरूकडच्या बऱ्याच गाड्या खानापूर, लोंढा सोडून सरळ जातील. खानापूरकरांना भीती वाटते ती खोटी नाही: काही एक्स्प्रेस नक्की कमी होतील.

पण दुसरी बाजूही बघा. लोंढा-बेळगाव दुपदरी मार्ग तेव्हा बराच मोकळा होईल. गोव्याकडच्या गाड्या आणि लोंढ्याकडची मालवाहतूक सोडली तर दिवसभर त्यावर जागा असेल. खानापूरला रोज लागतं ते बेळगाव. बेंगळुरू वर्षातून चार वेळा. मोकळी झालेली जागा जवळच्या गाड्यांना मिळावी ही मागणी आत्तापासून नोंदवायला हवी. मार्ग झाल्यावर मागायला गेलं की ती जागा भरलेली असते. बागलकोट-कुडची नवा मार्ग पुरा झाल्यावर कुडचीलाही हाच प्रश्न, उलट बाजूनं: तिथं गाड्या वाढतील, आणि कुडची-मिरज पट्ट्यात गर्दी होईल.

बेळगावहून थेट कोल्हापूर किंवा सांगलीपर्यंत जवळची गाडी का नाही?

मिरजेला झोन बदलतो. मिरज, सांगली, कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. गाडी पलीकडं न्यायची तर दोन झोन, दोन कंट्रोल, दोन ठिकाणचे चालक. अशक्य नाही, एक्स्प्रेस जातातच. पण छोट्या गाडीसाठी एवढी उठाठेव कुणी आपणहून करत नाही. तोवर मिरजेला जोड मिळाली तरी पुष्कळ: आपली गाडी पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी कोल्हापूरची सुटावी, आधी पाच मिनिटं नव्हे. हे मागणं दोन्ही झोनला एकाच मजकुराचं पाठवावं.

बेंगळुरूला उपनगरी रेल्वे होतेय. आपल्याला का नाही?

तो 148 किलोमीटरचा, चार मार्गांचा, राज्य आणि रेल्वे यांनी मिळून काढलेल्या कंपनीचा प्रकल्प आहे, खर्च पंधरा हजार कोटींच्या वर. बेळगावला तसलं काही लागत नाही. आपल्याला आहेत त्या रुळावर दोन-तीन मेमू हव्यात.

पास कसा, किती अंतरापर्यंत?

मासिक आणि तिमाही पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो, म्हणजे बेळगाव-मिरज त्यात बसतं. साधं तिकीट आणि पास आता मोबाईलवर रेलवन ॲपमधूनही निघतो. कोरोनानंतर पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लावून कमीत कमी 30 रुपये घेत होते. 2024 च्या फेब्रुवारीअखेर ते परत 10 रुपयांवर आलं. 2025 च्या जुलैतल्या भाडेवाढीतही पास वाढवला नाही. सुपरफास्ट गाडीत पास दाखवून बसण्याआधी मात्र चौकशी करा, टीसीशी हुज्जत घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

निवेदन कुणाला द्यायचं? कुठल्या भाषेत?

हुबळीचे विभागीय व्यवस्थापक, प्रत नैऋत्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना, आणि खासदारांना. इथं आपल्या मार्गाची एक गंमत आहे. खानापूर तालुका उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात, बेळगाव आणि घटप्रभा बेळगावात, रायबाग-कुडची-उगार चिकोडीत. एकच गाडी तीन खासदारांच्या हद्दीतून जाते, आणि पुढं मिरज सांगलीच्या खासदारांकडं. प्रत्येकाला आपापल्या स्टेशनाचा थांबा मागितला तर प्रत्येक जण एक पत्र देतो आणि काम तिथंच संपतं. चौघांना एकच कागद, एकाच दिवशी द्या. विभागीय प्रवासी सल्लागार समितीवर आपल्या भागातलं कोण आहे ते शोधून त्यांनाही द्या. समितीच्या बैठकीत आलेल्या मुद्द्याला लेखी उत्तर मिळतं.

मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, पण सोबत इंग्रजी प्रत जोडा, नाहीतर कागद भाषांतराच्या टेबलावर पडून राहतो. सह्या मात्र सगळ्यांच्या एकाच कागदावर घ्या. घटप्रभेच्या कन्नड भाषक पासवाल्याची आणि खानापूरच्या मराठी पासवाल्याची गाडी एकच आहे.

कागदात काय असावं? कारखान्यांच्या पाळ्या किती वाजता भरतात आणि सुटतात, कॉलेज कधी सुटतं, कोणत्या स्टेशनात साधारण किती लोक चढतात, मागितलेली गाडी कुठल्या दोन गाड्यांच्या मधे बसते. चिंचलीच्या मायाक्का यात्रेसारख्या दिवसांची गर्दी वेगळी दाखवा, तिच्या जिवावर रोजची गाडी मागू नका. चौकशीत ते लगेच उघडं पडतं. स्टेशनवार तिकीटविक्रीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात.

आमच्या स्टेशनला थांबा मिळाला. तो टिकेल काय?

नवा थांबा बहुधा प्रायोगिक असतो, सहा महिन्यांचा, पुढं मुदतवाढ. तो ठेवायचा की काढायचा हे त्या स्टेशनावरून निघालेल्या आणि त्या स्टेशनापर्यंतच्या तिकिटांवर ठरतं. फलाटावर किती माणसं उभी होती हे कुणी मोजत नाही. खिडकी बंद होती म्हणून बिनतिकीट चढलात, किंवा सवयीनं पुढच्या मोठ्या स्टेशनाचं तिकीट काढलंत, तर तुमच्या स्टेशनाच्या खात्यात शून्य. ॲपवर पास काढताना खानापूर नव्हे, इदलहोंडहून चढत असाल तर इदलहोंडच निवडा.